बाबा, नवा कॉम्प्युटर शनिवारी येतोय

ती. आई-बाबा,

फोनवर विषय काढला की बाबा, तुमचं "जुना चालतोय की अजून" सुरू होतं आणि मी चिडते, म्हणून लिहितेय. नवा कॉम्प्युटर जोडून झालाय, विंडोज ११ टाकून झालंय, शनिवारी दादा गाडीतून घेऊन येतोय, त्यामुळे आता नको म्हणायची सोय नाही. जुना वाईट नव्हता हो, पण विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ लाच बंद झाले, आणि त्या मशीनवर ११ चढत नाही, टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही, प्रोसेसरही मायक्रोसॉफ्टच्या यादीत बसत नाही. तुम्ही त्याच्यावरच एफडी रिन्यू करता. बँकेच्या त्या प्रकारानंतर रात्री माझ्या डोक्यात तेच येतं. तयार का नाही घेतला म्हणाल, तर पुढे काही बिघडलं की तेवढाच भाग बदलता येतो, आणि आवाज न करणारा पंखा मला निवडून घेता आला.

विंडोज टाकताना मात्र त्याने जीव खाल्ला. पहिल्यांदा चालू केला तर पंखे फिरतायत आणि स्क्रीन काळी. डीडीआर५ रॅम पहिल्या वेळी स्वतःची जुळवाजुळव करते, काही मिनिटं गप्प बसायचं असतं, एवढंच. मग पेनड्राइव्हवरून सेटअप सुरू झाला, तर विंडोज कुठे टाकायचं त्या पानावर यादीच रिकामी! बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सेटिंगच्या पानावर, नवी डिस्क, ती एसएसडी, नावानिशी दिसतेय, म्हणजे डिस्क मेलेली नाही, सेटअपकडे तिचा ड्रायव्हर, म्हणजे तिला ओळखायचा प्रोग्राम, नाही. व्हीएमडी नावाची एक सेटिंग चालू होती, ती असली की स्टोरेजचा वेगळा ड्रायव्हर लागतो. तो मदरबोर्डच्या साइटवरून उतरवला, झिप उघडून फोल्डर पेनड्राइव्हवर टाकलं, "लोड ड्रायव्हर" दाबलं आणि बाईसाहेब हजर. ती सेटिंग बंद करूनही जमतं, पण ते विंडोज टाकायच्या आधी, नंतर छेडलं तर मशीन उठतच नाही. म्हणून बाबा, बायोसमध्ये जायचं नाही. शेवटी वायफाय ओळखेना आणि इंटरनेटशिवाय पुढे सोडेना, तेव्हा फोन केबलने लावून टेदरिंगवर, म्हणजे फोनच्याच नेटवर, भागवलं.

तुम्ही हवे होतात बाबा. विंडोज ९८ टाकताना मी सीडीच्या कव्हरवरची की वाचायचे, पाच-पाच अक्षरं, आणि बी म्हटलं की तुम्ही दर वेळी "बटाट्याचा बी ना?" विचारायचात, आणि आई आतून ओरडायची की जेवण गार होतंय.

तुमची जुनी हार्डडिस्क मी मुद्दाम जोडली नाही, रागावू नका. सेटअपच्या वेळी ती लावलेली असली तर कधी कधी विंडोज आपल्या बूटच्या, म्हणजे सुरू व्हायच्या, फाइल तिच्यावरच ठेवतं, आणि उद्या ती गेली की नवा कॉम्प्युटरही चालू होत नाही. काहीही पुसलेलं नाही. काकांच्या केसचे कागद, नानांच्या पंचाहत्तरीचे फोटो, सगळं कॉपी केलंय. तुमचा जुना मराठी फॉन्टही टाकलाय, नाहीतर तुमचे लेख म्हणजे नुसतं इंग्रजी अक्षरांचं कडबोळं दिसतं. दोन-चार उघडून बघितले, नीट आहेत, पहिला तर वाचतच बसले.

अक्षरं दीडशे टक्के केलीयत, ऑपरेशन झालेल्या डोळ्याला ताण नको. कॅबिनेट टेबलावरच ठेवायचं, बटणासाठी वाकायचं नाही, कंबर आठवते ना? आई, तुझ्या भजनांचा शॉर्टकट स्क्रीनवर सगळ्यात वर आहे, स्पीकर जुनेच, तुला आवडतात ते.

आता ऐका. जुन्यावर बँक उघडायची नाही, म्हणजे नाही. स्क्रीन कधी काळी राहिली तर लगेच बटण दाबायचं नाही, पाच मिनिटं थांबा, मग मला फोन. "कॉम्प्युटर कंपनीतून बोलतोय" असा फोन आला तर ठेवून द्या, कितीही गोड बोलला तरी. निळा पेनड्राइव्ह नुसता पडलेला दिसला तरी कुणाला गाणी भरायला द्यायचा नाही, त्यात ड्रायव्हर आहेत. जुना मात्र विकत नाहीये, पत्ते खेळायला तो राहू दे, फक्त नेटची वायर काढा.

आणि आई, दादाला जेवल्याशिवाय सोडू नकोस, पण कॅबिनेटचं झाकण उघडून बघतो म्हणाला तर अजिबात हात लावू देऊ नकोस.

तुमची,
छोटी