सीईआयआरवाल्या ताईंना, मनापासून थँक्यू

ताई, वयाने तुम्ही माझ्या लेकीएवढ्या असाल, पण त्या दिवशी पोलिस स्टेशनच्या त्या जुन्या कम्प्युटरसमोर बसून तुम्ही मला सीईआयआर, म्हणजे चोरीला गेलेले फोन ब्लॉक करायची सरकारी साइट, ज्या पद्धतीने समजावलंत त्यानंतर मी तुम्हाला ताईच म्हणणार.

एसटीत चढताना गर्दीत पर्समधून फोन गेला. माझा मसाल्याचा सगळा धंदा व्हॉट्सअ‍ॅपवर, ऑर्डरी, पत्ते, कोणाचे किती बाकी, सगळं त्यातच. मुलाने त्याच्या फोनवर गूगलचं फाइंड हब उघडलं तर शेवटचं लोकेशन स्टँडच्या मागच्या गल्लीत दाखवत होतं आणि पुढे काहीच नाही, बंद करून टाकलेला. मी म्हटलं चल तिथेच जाऊन बघू. तुम्ही एवढंच म्हणालात, "काकू, तिथे कोण भेटेल माहितीये का तुम्हाला?" बसले गप.

मग तुम्ही आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख नंबर, मागितला आणि माझी पंचाईत. खोका दिवाळीच्या साफसफाईत भंगारात गेलेला, बिलाचा पत्ता नाही. मी रडकुंडीला आलेली आणि तुम्ही आरामात मुलाला सांगताय की त्याच फाइंड हबमध्ये फोनच्या नावाशेजारी आय असतो गोलात, तो दाब. दाबला, तर 15 आकडे समोर! एवढं सोपं असतं हे कोणी सांगत कसं नाही? बिलाची कॉपी दुकानदाराने काढून दिली नंतर, तेही तुम्हीच सांगितलंत म्हणून.

पण खरे उपकार ओटीपीचे. मी डुप्लिकेट सिम घेऊन तासाभरात धावत परत आले, तर तुम्ही म्हणालात आज काही होणार नाही, सिम बदललं की 24 तास मेसेज येत नाहीत, उद्या या. मला वाटलं टाळताय, रागच आला, माफ करा. दुसऱ्या दिवशी ओटीपी आला, तक्रारीची कॉपी, बिल, आधार सगळं तुम्ही स्वतः फोन ब्लॉक करण्यासाठी सीईआयआरवर अपलोड केलंत आणि रिक्वेस्ट आयडी माझ्या वहीत तुमच्या हाताने लिहून दिलात. ही सोय मे 2023 पासून देशभर आहे म्हणे, मला तर नावही माहीत नव्हतं. ब्लॉक केला तर सापडणार कसा, हा माझा प्रश्न तुम्ही तीनदा ऐकून घेतलात. नेटवर्क कोणाचंही मिळणार नाही, पण कोणी त्यात सिम घातलं की आम्हाला कळतं, असं तीनही वेळा न चिडता सांगितलंत.

चार महिन्यांनी तुमचा फोन आला तेव्हा मी मिरच्या भाजत होते, ठसक्यात काही कळेचना. बाजारात सेकंडहँड घेतलेल्या एका पोराने सिम टाकलं होतं. तो बिचारा फोन द्यायला आला तेव्हा तोंड एवढंसं झालेलं, त्याचे पैसे तर बुडालेच. त्यालाही तुम्ही ओरडला नाहीत, फक्त सांगितलंत की पुढच्या वेळी घ्यायच्या आधी केवायएम लिहून स्पेस देऊन आयएमईआय टाकायचा आणि 14422 ला पाठवायचा, ब्लॉक असेल तर तिथेच कळतं. मला त्याचं वाईट वाटलं खरंच.

घरी आणून सिम घातलं तर नेटवर्कच नाही, मी परत तुम्हालाच फोन! अनब्लॉकची रिक्वेस्ट टाकायची राहिली होती, वहीतला तोच आयडी कामाला आला. फोन कोणीतरी रिसेट मारलेला, फोटो गेले काही, ते जाऊ दे.

आता गल्लीत सगळ्यांना स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबायला लावते आणि दोन्ही आयएमईआय नंबर कॅलेंडरच्या मागे लिहून घेते, दोन सिमच्या फोनला दोन असतात ना. परवा मेथीचे लाडू घेऊन आले तर तुमची सुट्टी होती. टेबलावर ठेवून आलेय, त्यातले चार लाडू साहेबांनाही द्या. डबा मात्र स्टीलचा आहे, माझ्या आईचा, तेवढा परत हवाय.

तुमची मसालेवाली काकू