दक्षिणेची रेषा आखून देणाऱ्या काकांस जाहीर आभारपत्र

दादर, मुंबई

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

आमच्या गच्चीवरची उपग्रह वाहिन्यांची सहा फुटी डिश आता 93.5 अंश पूर्व रेखांशावरच्या उपग्रहापासून 66 अंशांवरच्या उपग्रहापर्यंत एकदाही न अडखळता फिरते, आणि बाबा अंथरुणावर बसल्या बसल्या रिमोटने ती फिरवतात. त्यांची सारी नोकरी जहाजावर गेली. आकाशाचा एवढा पट्टा पुन्हा आपल्या हाताने फिरवता येतो, याचे त्यांना वाटणारे समाधान मी रोज पाहतो. आपण मानधन घेतले नाही आणि आभारही मानू दिले नाहीत, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. आपण जे केले ते नेमके काय होते, हे अशाच अडचणीत असलेल्या इतरांनाही कळावे, अशी माझी इच्छा आहे.

आपण येण्यापूर्वीची स्थिती सांगतो. पूर्वेला 93.5 अंशांवर दूरदर्शनची केंद्रे स्वच्छ दिसत, 83 अंशांवर चित्र अधूनमधून चौकोनी तुकड्यांत फुटे, 74 अंशांवर सिग्नल येऊन जाऊन असे, आणि 68.5 व 66 अंशांवर काहीच मिळत नसे. ज्या मेकॅनिकने डिश बसवली होती त्याने दोनदा एलएनबी (डिशपुढचा सिग्नल पकडणारा भाग) बदलला आणि शेवटी अ‍ॅक्चुएटरची, म्हणजे डिश फिरवणाऱ्या दांड्याची, मोटर निकामी झाल्याचे सांगितले. नवी मोटर मागवण्याच्या बेतात असतानाच आपण शेजारच्या इमारतीच्या गच्चीवरून आमची डिश पाहिली आणि नाताळच्या सुटीच्या दिवशी सकाळीच पाणसळ, ओळंबा आणि बोल्ट आवळायचे दोन पाने घेऊन जिना चढून आलात.

पहिला तासभर आपण डिशला हात लावला नाही, तो फक्त खांबाला लावला. पाणसळ एका बाजूने धरली, मग काटकोनात फिरून दुसऱ्या बाजूने धरली, आणि खांब पाऊण अंशाने कललेला असल्याचे मला दाखवले. सोसायटीच्या नियमामुळे स्लॅबमध्ये भोके न पाडता लोखंडी चौकट आणि सिमेंटच्या ठोकळ्यांवर खांब उभा केला होता, आणि गच्चीच्या कोब्याला पावसाचे पाणी वाहून जाण्यासाठी उतार असतो, ही साधी गोष्ट बसवताना कोणी लक्षात घेतली नव्हती. खांबच ओळंब्यात नसेल तर त्यावरचे सगळे कोन खोटे, असे म्हणून आपण चौकटीखाली पत्र्याच्या पट्ट्या सरकवल्या आणि खांब सरळ केला.

त्यानंतर आपण डिश पश्चिमेला नेऊन तिची वरची कडा हाताने थोडी पुढे ओढलीत, आणि जिथे महिनाभर शून्य होते तिथे सिग्नल मोजणाऱ्या मीटरचा काटा उठला. ते दृश्य मी विसरणार नाही. पश्चिमेला डिश गरजेपेक्षा वर पाहत होती; म्हणजे संपूर्ण माउंट (डिश ज्यावर फिरते तो खांबावरचा सांगाडा) दक्षिणेऐवजी थोडे पश्चिमेकडे वळलेले होते, आणि पूर्वेचा उपग्रह कसाबसा मिळावा म्हणून कोणीतरी डिशची उंची, म्हणजे वर पाहण्याचा कोन, वाढवून ती चूक झाकली होती. त्यामुळे पूर्व सांभाळली गेली आणि पश्चिम दुप्पट बिघडली.

दक्षिण चुकली कशी, याचे उत्तर पाण्याच्या टाकीच्या लोखंडी सांगाड्यात होते. मोबाइलमधल्या होकायंत्राने त्या सांगाड्याशेजारी दाखवलेली दिशा आम्ही प्रमाण मानली होती. त्या वेळी आपण कुलाब्याच्या चुंबकीय वेधशाळेचा उल्लेख केलात. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार आणि त्या विजेने चुंबकीय मोजमाप बिघडणार म्हणून 1904 साली अलिबागला नवी वेधशाळा उभारावी लागली होती; जिथे वेधशाळेला शहर सोडावे लागले, तिथे टाकीखालच्या होकायंत्राची काय कथा, हे मला तत्क्षणी पटले.

मग आपण सूर्याची वाट पाहिलीत. मुंबई सुमारे 72.9 अंश पूर्व रेखांशावर आहे आणि भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंशांची, त्यामुळे आपला मध्यान्ह घड्याळाच्या बारानंतर साधारण 39 मिनिटांनी येतो. 1955 पर्यंत या शहरात चालू असलेली मुंबई वेळ याच फरकाची होती. वर्षभरात सूर्य या सरासरीच्या काही मिनिटे पुढेमागे होतो, पण 25 डिसेंबरच्या सुमारास तो फरक जवळजवळ नाहीसा असतो. म्हणून सूर्य नेमका दक्षिणेला असताना, बरोबर 12 वाजून 39 मिनिटांनी, ओळंब्याच्या दोरीची सावली कोब्यावर पडली तिथे आपण खडूने रेघ ओढलीत. एक मिनिट चुकले तर रेघ अंशाच्या एक तृतीयांशाने सरकेल, असे सांगून आपण माझे घड्याळही आधी जुळवून घेतले होते. माउंट त्या रेघेवर आणल्यावर आमची जुनी दक्षिण पाच अंशांनी चुकलेली निघाली.

माझा एक गैरसमजही आपण शांतपणे दूर केलात. 93.5 अंशांवरचा उपग्रह मुंबईहून दक्षिणेपासून पूर्वेला 49 अंशांवर दिसतो, मग माउंट फक्त 24 अंशच का फिरते, हे मला कळत नव्हते. माउंटचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर असतो, ध्रुवतारा आपल्या क्षितिजावर जितका वर, तितकाच म्हणजे 19 अंश तो कललेला असतो, आणि त्या तिरक्या अक्षाभोवतीचे फिरणे जमिनीवर मोजलेल्या दिशेपेक्षा वेगळे भरते, हे आपण छत्री तिरकी धरून फिरवून दाखवलेत. उपग्रह 35,786 किलोमीटरवर असल्याने डिश अक्षाच्या काटकोनापासून आणखी 3.3 अंश खाली झुकवावी लागते, हेही तेव्हाच उमगले. आधी 74 अंशांचा उपग्रह पकडून उंची पक्की केली, मग दोन्ही टोके तपासली, आणि कोणताही बोल्ट मी पूर्ण आवळण्याआधी आपण मीटर पाहायला लावलेत.

एक दोष उरला होता: रिमोटसाठी साठवलेल्या उपग्रहांच्या जागा चार-आठ दिवसांनी सरकत. अ‍ॅक्चुएटरचे झाकण उघडल्यावर आतल्या रीड स्विचवर (मोटरचे फेरे मोजणाऱ्या चुंबकीय बटणावर) पाणी आणि गंज सापडला. खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात नळीचे रबरी आवरण फाटलेले ठेवणे महागात पडते, हे आता माझ्या नोंदवहीत आहे. शिवाय मोजणीच्या बारीक तारा मोटरच्या 36 व्होल्टच्या तारांना चिकटून आल्या होत्या आणि त्यातून खोटी मोजणी होत होती. आपण सांगितलेली शील्ड (बाहेरचा विद्युत गोंधळ अडवणारे धातूचे आवरण) असलेली वायर मी दुसऱ्याच दिवशी लोहार चाळीतून आणली. मोटर मूळचीच आहे आणि उत्तम चालते.

येत्या मे महिन्यात सोसायटी गच्चीचे वॉटरप्रूफिंग करणार असल्याने चौकट हलवावी लागेल आणि कोब्यावरची आपली रेघ पुसली जाईल. म्हणून ती मी पॅरापेटच्या दोन्ही भिंतींवर ऑइलपेंटने उतरवून घेतली आहे. डिश पुन्हा बसवण्याचा दिवस ठरला की आधी आपल्याला कळवीन. खांब मी स्वतः ओळंब्यात उभा करीन, आपण फक्त तपासावा, ही विनंती. बाबांनी आपल्याला नमस्कार सांगितला आहे.

आपला कृतज्ञ,
समोरच्या गच्चीवरचा शेजारी