चाकाचे स्टड घरीच बदलले, त्याची हकीकत

नागपूर
मे महिना, रविवार दुपार

प्रिय दोस्ता,

परवा फोनवर तू म्हणालास ना, की गॅरेजला दे गाडी, घरी काय ठोकाठोकी करून राहिला, तेव्हा मागून आई जेवायला हाका मारून राहिली होती म्हणून नीट सांगता आलं नाही. आता दुपार आहे, रस्त्यावर चिटपाखरू नाही, कूलर सुरू आहे, तर सगळं लिहितो. तुझी ह्युंदाई पण माझ्या मारुतीएवढीच जुनी झाली आहे, त्यामुळे झोपू नको, पूर्ण वाच.

तुटले ते स्टड. हबमधून, म्हणजे चाक ज्याच्यावर बसून फिरतं त्या गोल भागातून, बाहेर आलेले ते चार दांडे, ज्यावर चाक अडकवून वरून नट कसतो ते. वर्धा रोडने परत येत होतो, साठच्या वर गेलं की स्टिअरिंग थरथरायचं, मला वाटलं बॅलन्सिंग गेलं असेल, पण वस्तीत शिरल्यावर हळू चालवतानाही पुढच्या डाव्या बाजूने टकटक यायला लागली. घरी येऊन व्हील कॅप काढली तर एक नट जागेवरच नाही, स्टडचं नुसतं थोटूक. त्याच्या शेजारच्याला पाना लावला तर थोडा फिरला अन् कट्ट! नटासकट स्टड हातात. म्हणजे चारातले दोन गेले, तेही लागूनचे. अशी गाडी कोपऱ्यावरच्या गॅरेजपर्यंत पण न्यायची नसते बे, कितीही हळू चालव.

तुटलेला तुकडा मी जपून ठेवलाय, आलास की दाखवतो. अर्धा भाग तपकिरी, जुना गंज, त्यावर बारीक वळणदार रेघा, अन् उरलेला अर्धा एकदम चकचकीत. तपकिरी भाग आधीच केव्हा तरी चिरलेला, तो रोज थोडा थोडा पुढे सरकत होता, चकचकीत तेवढा त्या दिवशी तुटला.

आता हे झालं काहून? होळीच्या आसपास पंक्चर झालं होतं, हायवेवरच्या एका दुकानात चाक लावलं, तिथला पोऱ्या नट कसून झाल्यावर पान्यावर उभा राहून उड्या मारत होता. तेव्हा बरंच वाटतं, पक्कं कसलं म्हणून. पण हिशोब करून पाहा. आपल्या छोट्या गाड्यांच्या नटांना मॅन्युअलमध्ये साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे नट किती जोराने फिरवून कसायचा त्याचं माप, दिलेला असतो. ८५ म्हणजे एक फूट लांब पान्याच्या टोकाला २८-२९ किलोचा जोर, बस. ८० किलोचा माणूस त्याच पान्यावर नुसता उभा राहिला तर जवळपास २४० होतात, अन् हा तर उड्या मारत होता. स्टड तेवढ्याने लगेच तुटत नाही, पण लांबतो, अन् एकदा हद्दीबाहेर ताणला गेला की मूळ लांबीवर येत नाही. मग पकड ढिली पडते.

अन् खरा खेळ पकडीचाच आहे. गाडीचं वजन स्टडवर टांगलेलं असतं असं आपण समजतो, तसं नसतं. नीट कसलेला एकेक स्टड चाकाला हबवर तीन-साडेतीन टन जोराने दाबून धरतो, त्या दाबामुळे चाक अन् हब यांच्यात जे घर्षण होतं ते ब्रेकचा अन् वळणाचा सगळा धक्का घेतं. पकड गेली की चाक प्रत्येक फेऱ्याला स्टडला वाकवतं, सोडतं, वाकवतं, सोडतं. तार वाकवून वाकवून तोडतो ना आपण, तसं. म्हणजे जास्त कसलं तरी तुटतो अन् कमी कसलं तरी तुटतो. नटगनवाले, म्हणजे हवेच्या मशीनने नट कसणारे, पण तसेच, धडधड मारून मोकळे, टॉर्क किती गेला ते त्यांना पण माहीत नसतं.

मी चारही बदलले. जे दोन साबूत दिसत होते त्यांनी इतके दिवस चौघांचं ओझं घेतलं होतं, त्यांच्यावर कसा भरवसा ठेवणार? घाट रोडवरच्या एका स्पेअरवाल्याकडे जुना स्टड नमुन्याला घेऊन गेलो, स्टड अन् नट मिळून हजाराच्या आत काम झालं. मारुतीचा स्टड एम १२, म्हणजे १२ एमएम जाड, आटे १.२५ पिचचे, म्हणजे दोन आट्यांमध्ये १.२५ एमएम अंतर. तुझ्या ह्युंदाईचा पण एम १२ च, पण पिच १.५. डोळ्यांना सारखेच दिसतात, अन् चुकीचा नट दोन-तीन आटे जातो पण, मग अडकतो, तिथे जोर लावला की स्टड बाद. म्हणून नट पहिले हातानेच फिरवायचा, बोटांनी जात नसेल तर थांबायचं.

काम सकाळी उजाडताच सुरू केलं, नाही तर नऊनंतर अंगणात पाना हातात धरवत नाही. शेजारचे काका, अंबाझरी ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झालेले, खुर्ची टाकून बसले होते देखरेखीला. गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना दगड, उरलेले नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले केले. मग जॅक, अन् जॅकवर भरवसा न ठेवता खाली स्टँड. विटा लावू नको कधीच, वीट सांगून नाही फुटत. आपलं अंगण मुरमाचं, म्हणून स्टँडखाली जाड फळी ठेवली.

कॅलिपर, म्हणजे ब्रेकच्या डिस्कला दोन्हीकडून दाबणारा भाग, त्याचे दोन बोल्ट काढून तो तारेने वर स्प्रिंगला बांधला, ब्रेकच्या पाइपवर लोंबकळत ठेवायचा नाही. डिस्क गंजून चिकटली होती. तिच्यात दोन आट्यांची भोकं असतात, त्यात ८ एमएमचे बोल्ट आळीपाळीने कसले तर आपोआप सुटून आली. मग उघडा हब. स्टडचं डोकं हबच्या मागच्या बाजूला असतं अन् मानेवर उभ्या दातांच्या रेघा, त्या रेघांनी तो भोकात घट्ट रुतलेला असतो. मी हातोडा उचलला तर काका ओरडले, "काहून ठोकून राहिला बे, बेअरिंग मरते ना!" बरोबरच होतं त्यांचं, बाहेरून मारलेला प्रत्येक घाव बेअरिंगच्या गोळ्यांवर जातो. त्यांनी घरून बॉल जॉइंटचा पुलर आणला, स्क्रू फिरवून हळूहळू दाब देणारं अवजार, तो लावून दाबला तर स्टड कड्कन आवाज करून मागे सरकला. बाहेर काढायला मागे जागा एकाच ठिकाणी मिळते, म्हणून गिअर काढून, हब फिरवून एकेक स्टड तिथे आणायचा. काही गाड्यांत ती पण जागा नसते, तिथे हब उतरवावा लागतो अन् बहुतेक वेळा त्यात बेअरिंग जातं. तशी वेळ आली तर मात्र घरी मस्ती करू नको, प्रेसवाल्याकडे दे.

नवीन स्टड मागून घालताना त्याच्या रेघा भोकातल्या जुन्या खाचांशी जुळवायच्या, मग समोरून तीन-चार जाड वायसर, वायसरला ग्रीस, अन् वर जुना नट उलटा, सपाट बाजू आत. हब फिरू नये म्हणून दुसऱ्या स्टडना सब्बल अडकवली, काका तीच धरून बसले. नट कसत गेलं की स्टड हळूहळू आत ओढला जातो, जोर एकसारखा लागतो अन् मग एकदम दगडासारखा कडक होतो, म्हणजे डोकं बसलं. तरी मोबाइलच्या टॉर्चने मागून पाहून घे. डोकं अन् हब यांच्यात केसभर फट राहिली तर ती रस्त्यावर बसते, अन् तुझा नट आपोआप ढिला. या कामाला नवीन नट वापरायचा नाही, त्याचे आटे खराब होतात.

याच वेळी काकांनी विलीज जीपचं पुराण काढलं, तिच्या डाव्या चाकांना उलटे आटे असायचे म्हणे, अन् माहीत नसलेला माणूस सोडवायच्या नादात कसून कसून स्टड तोडायचा. मी म्हटलं काका, आधी सब्बल धरा.

चाक लावायच्या आधी हबचा अन् रिमचा आतला भाग तारेच्या ब्रशने घासला, कारण मध्ये गंजाचा पापुद्रा राहिला तर तो दबतो अन् कसलेलं परत ढिलं होतं. स्टडच्या आट्यांना तेल-ग्रीस काही लावलं नाही. सगळे लावतात, पण आटे ओले असले की त्याच टॉर्कला स्टड कितीतरी जास्त ताणला जातो, मॅन्युअलचा आकडा कोरड्या आट्यांचा असतो. नट निमुळती बाजू आत ठेवून, समोरासमोरचे असे फुलीत कसले, गाडी खाली उतरवल्यावर टॉर्क पान्याने शेवटचं, कट आवाज आला की हात काढायचा. पाना काकांचाच, वापरून झाल्यावर त्याची स्प्रिंग खालच्या आकड्यावर ढिली करून परत दिला.

दुसऱ्या दिवशी आईला रामटेकला घेऊन गेलो, तेवढे पन्नासेक किलोमीटर झाल्यावर परत तपासायचं असतंच. आई गडावर दर्शनाला, मी खाली पाना घेऊन. दोन नट जरासे फिरले, बाकीचे जागच्या जागी. थरथर गेली, टकटक गेली.

तर तू पुण्याहून ताडोबासाठी निघशील त्याआधी एवढं कर. चारही चाकांचे नट एकदा ढिले करून मॅन्युअलच्या आकड्याला परत कस. एखादा कसताना नुसताच फिरत राहिला, घट्टच होत नसेल, तर तो स्टड ताणलेला आहे, गाडी तिथेच राहू दे अन् मला फोन कर. आणि बाकरवडी आणू नको, मागची अजून डब्यात आहे, आईने सांगायला लावलंय.

तुझाच,
तुला माहीत आहे कोण