रविवारी लवकर या : नव्या खेळाडूंसाठी ज्येष्ठ सभासदांना सूचना

सर्व सभासदांना नमस्कार,

या मोसमात गोंदिया, चंद्रपूर, यवतमाळकडची काही मुलं आपल्या हॉकी संघात आली आहेत. येत्या रविवारी सकाळी ६ वाजता सिव्हिल लाइन्समधल्या नेहमीच्या मैदानावर त्यांची ओळख होईल. चाळिशीपुढच्या सगळ्यांनी पावणेसहालाच पोहोचावं. उन्हं चढली की शिकवणं होत नाही.

प्रत्येक नव्या खेळाडूला एक ज्येष्ठ जोडीदार मिळेल, शक्यतो त्याच जागेवर खेळलेला. महिनाभर त्याची जबाबदारी तुमची.

• बहुतेक जण मातीच्या मैदानावर शिकले आहेत. टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर, चेंडू फार वेगाने येतो, सुरुवातीला थांबवणं चुकतंच. त्यावर कोणी हसू नये आणि तिथेच सगळ्यांसमोर ओरडू नये. चूक बाजूला घेऊन सांगा.

• पेनल्टी कॉर्नरला (बचावाच्या चुकीवर समोरच्या संघाला मिळणारी गोलची संधी) बचावात गोलकीपरसह पाचच जण असतात. पहिला कोण धावणार, खांबाजवळ कोण, हे आधी चालत करून दाखवा, मग वेगात. फेसमास्क नसलेल्या मुलाला तिथे उभं करायचं नाही. क्लबच्या पेटीत जास्तीचे मास्क आणि शिनगार्ड आहेत.

• जुनी पण चांगली स्टिक असेल तर आणा. नवी सगळ्यांना परवडत नाही.

खोली, मेस, कॉलेजची अडचणही विचारा. ही मुलं आपणहून बोलत नाहीत, आणि खेळ बहुधा तिथेच सुटतो.

सरावानंतर सगळ्यांसाठी तर्री-पोहे आहेत. येणार असाल तर शुक्रवार रात्रीपर्यंत सचिवांना कळवा, जोड्या शनिवारी ठरतील.