कॉसमॉस का बुडाला?

महोदय,

न्यूयॉर्क कॉसमॉस या अमेरिकेतल्या फुटबॉल संघाला महागड्या खेळाडूंनी बुडवले, हे अर्धसत्य आहे. पेले १९७५ मध्ये आला, जर्मनीचा बेकनबाउर १९७७ मध्ये. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जायंट्स स्टेडियमवर कॉसमॉसच्या सामन्याला ७७,६९१ प्रेक्षक लोटले. पण हा सारा डोलारा मालक वॉर्नर कम्युनिकेशन्सच्या पैशावर उभा होता. १९८३ मध्ये वॉर्नरच्या अटारी कंपनीला व्हिडिओ गेमच्या धंद्यात जबर खोट बसली आणि रसद आटली. कॉसमॉस ज्यात खेळे, त्या नॉर्थ अमेरिकन सॉकर लीगची चूक मात्र त्याहून मोठी. १९७८ मध्ये १८ संघांचे एकदम २४ केले, पगारांना लगाम घातला नाही. कॉसमॉसशी बरोबरी करताना छोटे संघ कर्जबाजारी झाले. १९८४ च्या हंगामात नऊच संघ उरले. पुढच्या वर्षी लीगच बंद पडली.

– एक फुटबॉलप्रेमी, पुणे