गुलामगिरी म्हणालीस म्हणून

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

जनावर पाळणं म्हणजे गोड नावाची गुलामगिरी, असं तावातावाने म्हणालीस आणि फोन ठेवून दिलास. आता माझं कागदावर ऐक. इथे मध्येच तोडता यायचं नाही.

तुझं निम्मं खरं आहे. माणसाने जनावर पाळलं ते दुधासाठी, लोकरीसाठी, ओझ्यासाठी, मांसासाठी. त्यावर मायेचा मुलामा चढवायला मी बसलेले नाही. पण सगळा हिशेबच असता, तर ओबरकासेलच्या पिल्लाचं काय करशील? जर्मनीत बॉनजवळ १९१४ साली एक दफन सापडलं, सुमारे १४ हजार वर्षांपूर्वीचं. एक पुरुष, एक बाई आणि सोबत जेमतेम सात महिन्यांचं कुत्रं. त्याच्या दातांवरच्या खुणांवरून अभ्यासकांनी ताडलं की त्याला डिस्टेंपर हा कुत्र्यांचा जीवघेणा आजार झाला होता. शुश्रूषा झाली नाही तर त्या आजारात पिल्लू लवकरच जातं; हे कित्येक आठवडे टिकलं. म्हणजे कुणीतरी त्याला उबेत ठेवलं, पाणी पाजलं, त्याची घाण काढली. तेवढ्या दिवसांत ते शिकारीच्या तर काडीच्या उपयोगाचं नव्हतं.

आणि गरज असली की माया खोटी, हे तरी कुणी ठरवलं? गाईचे सड नुसते ओढून दूध येत नाही. वासराने दोन ढुशा दिल्या, ओळखीचा हात कासेवरून फिरला, की तिच्या शरीरात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक सुटतं आणि ती पान्हा सोडते. बिथरली की पान्हा चोरते. धार काढणाऱ्याला तिची मर्जी राखावीच लागते, मग त्याच्या मनात प्रेम असो वा नसो. मंगोलियात उंटीण पिलाला जवळ घेईना, तर दोघांना शेजारी बांधून ‘खूस’ हा एकच शब्द आळवत तिला गाऊन वळवतात, ती पाझरेपर्यंत. ही रीत आता मोडत चालली आहे; युनेस्कोने २०१५ मध्ये तातडीने जपायच्या वारशांत तिची नोंद केली.

दक्षिण सुदानातल्या नुएर लोकांत तरुण आपल्या लाडक्या बैलाचं नाव स्वतःला लावून घेतो. तेच लोक बैलाचा बळी देतात, मांसही खातात. तुला यात ढोंग दिसेल. मला नाही दिसत. ज्याच्यावर सुरी चालवायची त्याचा रंग, शिंगांची ठेवण, स्वभाव त्यांना पाठ असतो, आणि ते मारणं जड जातं. जिथे जनावराच्या कानात नुसता नंबर असतो आणि मारणाऱ्याने त्याला आदल्या दिवशी पाहिलेलंही नसतं, तिथे गुलामगिरी हा शब्द मी तुझ्याआधी वापरीन.

मांजराला मात्र या यादीत उगाच ओढलंस. धान्य साठवायला लागलो, उंदीर आले, त्यांच्यामागे ते आपणहून आलं. सायप्रसमध्ये माणसाशेजारी पुरलेलं मांजर सापडलंय, सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचं. तेव्हा त्या घरात मालक कोण होतं, ते आधी ठरव आणि मग फोन कर.

तुझी,
आई