पाळीव पक्ष्याच्या चोचीत पाणी ओतू नका

महोदय,

बजरीगर, कोकाटेल, आफ्रिकन लव्हबर्ड हे लहान परदेशी पोपट आता तालुक्याच्या गावीही सहज विकत मिळतात. पक्षी आजारी पडला तर काय करायचे, हे मात्र दुकानात क्वचितच सांगितले जाते. मग पिंजऱ्यात खाली फुगून बसलेला पक्षी दिसला की घरचे ड्रॉपरने त्याच्या चोचीत पाणी, ग्लुकोज किंवा मध सोडतात आणि ‘सकाळपर्यंत बघू’ म्हणून थांबतात. वाचण्याजोगे पक्षी याच दोन गोष्टींनी हातचे जातात.

पक्ष्याची श्वासनलिका जिभेच्या मुळाशीच उघडते. धडधाकट पक्षी गिळताना तिचे तोंड मिटून घेतो, पण ग्लानीतल्या पक्ष्याला ते जमत नाही. जेमतेम ३५ ग्रॅमच्या बजरीगरच्या श्वासनलिकेत पाण्याचे दोन-चार थेंब गेले तरी तो गुदमरतो, किंवा त्यातून न्यूमोनिया होतो. मान टाकलेल्या पक्ष्याच्या तोंडात काहीही घालू नये. डॉक्टर त्याला सुईने कातडीखाली सलाइन देऊ शकतात.

‘काल तर चांगला खात होता,’ असे जवळजवळ प्रत्येक घरातून ऐकायला मिळते. खरे तर तो कित्येक दिवस आजारी असतो. शिकाऱ्याच्या नजरेत भरू नये म्हणून पक्षी दुखणे अंगावर काढतात आणि अगदीच झेपेनासे झाल्यावर खाली बसतात. त्यात दाण्याची वाटी फसवते. पक्षी दाणा सोलून खातो आणि टरफल वाटीतच टाकतो, त्यामुळे टरफलांनी भरलेली वाटी दाण्यांनी भरल्यासारखी दिसते. रोज वरची टरफले फुंकून पाहा. एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा याहून भरवशाचा. बजरीगर साधारण ३० ते ४० ग्रॅमचा, कोकाटेल ८० ते १०० ग्रॅमचा असतो. आठवड्याला वजन लिहून ठेवा. दहा टक्के घट, म्हणजे बजरीगरमध्ये तीन-चार ग्रॅम, दवाखाना गाठायला पुरेशी आहे.

श्वासागणिक शेपूट वरखाली होणे, चोच उघडी ठेवून श्वास घेणे, दांडीवरून खाली येऊन डोळे मिटून बसणे, झटके, कुंथणे, न थांबणारे रक्त: यातले एकही लक्षण दिसले तर सकाळची वाट पाहू नये. एवढा लहान जीव एक दिवस उपाशी राहिला तरी संपू शकतो.

डॉक्टरकडे पोहोचेपर्यंत ऊब, अंधार आणि शांतता द्यावी. बुटाच्या खोक्याला भोके पाडून तळाशी जुना टॉवेल अंथरा. कोमट-गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून एकाच बाजूला ठेवा, म्हणजे नको झाल्यास पक्षी दुसरीकडे सरकू शकेल. आतले तापमान ३० अंशांच्या आसपास हवे. पंख अंगापासून दूर धरून तो धापा टाकू लागला, तर ऊब जास्त झाली असे समजावे. धरताना छाती दाबू नका. पक्ष्याला आपल्यासारखे श्वासपटल (छाती आणि पोटामधला पडदा) नसते, छातीचे हाड पुढे-मागे हलले तरच श्वास चालतो. तपासणीसाठी तासाभरातली शीट प्लॅस्टिकच्या तुकड्यावर घेऊन जा.

ऊब सगळ्यांनाच चालत नाही. छताच्या पंख्याला धडकून डोक्याला मार लागलेल्या पक्ष्याला शेक देऊ नये, फक्त अंधारात ठेवावे. उन्हाने धापा टाकणाऱ्याला सावलीत नेऊन पाय आणि पंखांखालचा भाग साध्या पाण्याने ओला करावा. बर्फाचे पाणी वापरू नये.

मादी अडण्याबद्दल, म्हणजे अंडे आतच अडकण्याबद्दल, थोडे सविस्तर लिहितो, कारण इथे घरगुती उपाय सर्वाधिक नुकसान करतात. ‘नर नाहीच, मग अंडे कुठून?’ हा समज चुकीचा आहे. एकटी मादीही अंडी घालते. निव्वळ बाजरी-राळ्यावर वाढलेल्या, ऊन न मिळालेल्या मादीच्या अंगात कॅल्शियम कमी असते. मग अंड्याचे कवच मऊ राहते आणि ते बाहेर ढकलायला स्नायूंत जोरही उरत नाही. ती तळाशी बसून कुंथते, पोट फुगते, कधी पाय लुळे पडतात. अशा वेळी एरंडेल लावून पोट दाबले की अंडे आतच फुटते आणि जंतुसंसर्ग होतो. तेलाने पिसे चिकटून ती गारठते ते वेगळेच. खोक्यात ऊब द्यावी, हवा दमट राहण्यासाठी कोमट पाण्यात पिळलेले फडके ठेवावे आणि काही तासांच्या आत डॉक्टरकडे न्यावे. कॅल्शियमच्या इंजेक्शनने पुष्कळदा अंडे सुटते. पिंजऱ्यात कायम समुद्रफेस (माकुळीचे कॅल्शियमयुक्त कवच) आणि रोज थोडे कोवळे ऊन मिळाले, तर बहुतेक वेळा ही पाळी टळते. काचेतून आलेले ऊन मात्र कामाचे नाही.

रक्ताचा हिशेब ध्यानात ठेवा. पक्ष्याच्या अंगात वजनाच्या सुमारे दहा टक्के रक्त असते, म्हणजे बजरीगरमध्ये साडेतीन मिलिलिटर. वीस थेंब गेले की जवळपास एक मिलिलिटर गेले. नख किंवा वाढते (आत रक्त असलेले) पीस तुटले तर कॉर्नफ्लोअर लावून दोन-तीन मिनिटे हलके दाबून धरा. पीस घरी उपटू नका. मांजराचा दात लागला असेल, तर जखम दिसो वा न दिसो, त्याच दिवशी अँटिबायोटिक हवे. मांजराच्या लाळेतल्या जंतूंनी वरवर ठणठणीत दिसणारा पक्षी एक-दोन दिवसांत दगावतो.

नॉनस्टिक तवा रिकामा तापत राहिला तर त्याच्या लेपातून निघणाऱ्या वायूने शेजारच्या खोलीतला पक्षीही काही मिनिटांत मरू शकतो. यावर खात्रीचा उपाय नाही, म्हणून पिंजरा स्वयंपाकघराजवळ नकोच. डासांची उदबत्ती, धूप, रूम स्प्रेही त्याच्यापासून लांब ठेवावेत.

ससा किंवा गिनीपिग बारा तास खात नसेल, लेंड्या बंद झाल्या असतील, तर तीही तातडीची वेळ आहे. पाण्यातले कासव एका बाजूला कलून तरंगत असेल तर न्यूमोनियाची शंका घ्यावी.

आपल्याकडचा देशी पोपट पाळण्यास वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार मनाई आहे. कारवाईच्या भीतीने तो दवाखान्यात आणला जात नाही आणि घरीच तडफडतो. जखमी पोपट सापडल्यास वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

पेट शॉप नियम, २०१८ नुसार दुकानांना राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. प्रत्येक पक्ष्यासोबत धोक्याची लक्षणे आणि प्रथमोपचार सांगणारे एक पानी मराठी पत्रक देण्याची अट मंडळाने या नोंदणीला जोडावी. परळ, नागपूर, परभणी, शिरवळ, उदगीर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या मदतीने पक्षी तपासणाऱ्या डॉक्टरांची जिल्हावार यादी पशुसंवर्धन विभागाने प्रसिद्ध करावी. त्यात रात्री उघडे असणारे दवाखाने वेगळे दाखवावेत. सगळेच डॉक्टर पक्षी तपासत नाहीत, आणि हे मालकाला कळते ते पक्षी हातात घेऊन दारात उभे राहिल्यावर.

– एक पशुवैद्यक, नाशिक